न दिसणारे विष

भीमेच्या काठी वसलेले पंढरपूर हे केवळ सोलापूर जिल्ह्याचेच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्राचे श्रद्धास्थान होय. येथे भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला चंद्रभागा असे म्हणतात. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या वेळी गावोगावचे वारकरी येथे जमतात. त्यांतील कित्येकांची उतरण्याची सोय मठांत व धर्मशाळांत होते. तेथे शेकडो माणसांचा स्वयंपाक मोठमोठ्या पातेल्यांत एकाच वेळी रांधला जातो. एकादशीला उपवास असल्यामुळे फराळाला बहुधा भगर आणि शेंगदाण्याची आमटी असते.

१ फेब्रुवारी २०२३ रोजी माघी एकादशी होती. त्या दिवशी पंढरपुरातील एका मठात वारकऱ्यांनी भगर व आमटीचा फराळ केला. त्यांपैकी शंभराहून अधिक जणांना उलट्या व जुलाब होऊ लागले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्याच वर्षी, म्हणजे २० फेब्रुवारी २०२४ रोजी, याच माघी एकादशीला बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा या गावीही असाच प्रसंग ओढवला. तेथे हरिनाम सप्ताहात भगर व आमटीचा प्रसाद घेतल्यावर शेकडो गावकरी आजारी पडले. जवळच्या रुग्णालयात एवढ्या रुग्णांना जागा पुरेना. तेव्हा बाहेर रस्त्याच्या कडेला झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगण्यात आल्या आणि जमिनीवर निजवलेल्या रुग्णांवर तेथेच उपचार करण्यात आले.

या दोन्ही ठिकाणी अन्न रांधणाऱ्यांच्या मनात भक्तिभावच होता. कोणाचे वाईट व्हावे अशी इच्छा कोणाचीही नव्हती. अन्न पाहून किंवा चाखून कोणाला शंका आली असती, तर ते कोणी वाढलेच नसते. मग हे विष आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर ज्याला ठाऊक आहे, तो पुढच्या पंगतीतील शेकडो माणसांचे रक्षण करू शकतो. म्हणून ते उत्तर आपण नीट समजून घेऊ या.

दूषित अन्न किंवा पाणी पोटात गेल्यामुळे जो आजार होतो, त्याला अन्नातून झालेली विषबाधा असे म्हणतात. पूर्वी अशा वेळी लोक कधी दृष्ट लागली असे म्हणत, कधी एखाद्या शत्रूवर संशय घेत, तर कधी दैवाला बोल लावून गप्प बसत. १८८८ साली जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन या गावी एका आजारी गाईचे मांस खाऊन पुष्कळ लोकांना बाधा झाली व त्यांतील एक मनुष्य दगावला. ऑगस्ट गेर्टनर या शास्त्रज्ञाने त्या गाईच्या मांसातून आणि मृत मनुष्याच्या शरीरातून एकाच जातीचे जंतू वेगळे करून दाखवले. अन्नातील विषाला कर्ता असतो, आणि तो कर्ता डोळ्यांना न दिसणारा एक सजीव असू शकतो, ही गोष्ट अशा संशोधनांतून जगाला कळून चुकली.

हे सजीव आपल्या अन्नात कसे वाढतात, हे समजण्यासाठी फार दूर जायला नको. सोलापूरच्या स्वयंपाकघरातच त्याचे उत्तर आहे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांसाठी सोलापूर प्रसिद्ध आहे. पातळ थापलेली भाकरी भाजून इतकी वाळवतात की ती पापडासारखी मोडते. ही भाकरी कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते. परंतु त्याच घरातील आमटी मात्र उन्हाळ्यात सकाळची संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. दोन्ही पदार्थ त्याच हातांनी, त्याच चुलीवर केलेले असतात. मग असा फरक का पडावा?

त्याचे कारण ओलावा हे होय. जंतूंना वाढण्यासाठी चार गोष्टी लागतात : अन्न, ओलावा, ऊब आणि वेळ. कडक भाकरीत ओलावा जवळजवळ नसतो, म्हणून जंतूंची तेथे डाळ शिजत नाही. सांडगे, पापड व कुरडया उन्हात वाळवण्यात हेच शास्त्र आहे. लोणच्यातील मीठ व आंबटपणा हेही जंतूंची वाढ रोखतात. सूक्ष्मदर्शक यंत्र ज्यांनी कधी पाहिले नव्हते, त्या आपल्या पणज्यांनी हे ज्ञान अनुभवाने मिळवले होते. आमटीत मात्र अन्न व ओलावा हे दोन्ही असतात. सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्याही वर चढतो, त्यामुळे ऊबही आयतीच मिळते. आता उरला तो वेळ. आणि तो आपण आपल्या निष्काळजीपणाने देतो.

वेळ मिळाला की जंतू काय करतात, हे एका साध्या गणिताने समजेल. अनुकूल परिस्थितीत काही जंतू सुमारे वीस मिनिटांत दुभंगतात आणि एकाचे दोन होतात. चाळीस मिनिटांनी दोनाचे चार, तासाभराने चाराचे आठ. चार तासांनी त्या एका जंतूचे ४,०९६ जंतू होतात आणि सात तासांनी ही संख्या वीस लाखांच्या पलीकडे जाते! साधारणपणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतूंची वाढ होते. मोठ्या पातेल्यातील अन्न वरून निवलेले दिसले, तरी त्याचा मध्य कित्येक तास कोमटच राहतो. घरातील लहान भांड्यापेक्षा पंगतीचे मोठे पातेले अधिक धोक्याचे का, हे यावरून लक्षात येईल.

येथे कोणी म्हणेल, की अन्न पुन्हा चांगले उकळले म्हणजे झाले. ही समजूत अर्धीच खरी आहे. साल्मोनेला नावाचे जंतू पोटात गेल्यावर आजार निर्माण करतात. ते चांगल्या उष्णतेने मरतात. परंतु दुसरे काही जंतू अन्नातच आपले विष तयार करून ठेवतात. गळू, पिकलेली जखम किंवा वाहणारे नाक यांतून स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांवर येतात आणि तेथून खवा, पेढे, बासुंदी यांसारख्या पदार्थांत शिरतात. अन्न उकळल्याने हे जंतू मरतील, पण त्यांनी आधीच तयार केलेले विष तसेच राहील. चोर पळून गेला, तरी त्याने घराला लावलेली आग विझत नाही. तसाच हा प्रकार. शिळ्या भातात वाढणाऱ्या एका जातीच्या जंतूंची तऱ्हा आणखीच निराळी. त्यांचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला, की ते बीजाणू जागे होतात आणि त्यांतून नवे जंतू निपजतात.

भगरीच्या बाबतीत आणखी एका शत्रूचे भय असते. भगर म्हणजे वरी या भरड धान्याचे सडलेले दाणे. त्यांनाच वऱ्याचे तांदूळ असेही म्हणतात. हे दाणे किंवा त्यांचे पीठ दमट जागी फार दिवस राहिले, तर त्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये निर्माण करते. दाण्यापेक्षा पीठ हवेतील ओलावा लवकर शोषून घेते, म्हणून पिठाचा धोका अधिक. बुरशीची विषे बहुधा शिजवल्यानेही पुरती नष्ट होत नाहीत. म्हणूनच उपवासाचे दिवस जवळ आले, की महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन लोकांना सूचना देते : भगर सुटी घेऊ नये, बंद पुड्यातील घ्यावी, पुड्यावरील तारीख पाहावी, भगर निवडून, स्वच्छ धुऊन वापरावी, पीठ फार दिवस साठवू नये.

बुरशीचे हे विष किती बलवान असते, याचे एक उदाहरण ऐकण्यासारखे आहे. २०२४ सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगडच्या जंगलात दहा रानटी हत्ती मरण पावले. त्यांनी कोदो नावाच्या भरड धान्याचे उभे पीक खाल्ले होते. त्यांच्या शरीरातील अवयवांची तपासणी केली, तेव्हा बुरशीपासून तयार होणारे सायक्लोपियाझोनिक आम्ल त्यांत आढळले. यात दोष धान्याचा नव्हे. वरी व कोदो ही धान्ये पौष्टिक आहेत आणि पिढ्यानपिढ्या माणसे ती खात आली आहेत. दोष आहे तो ओलाव्याचा आणि त्यावर पोसणाऱ्या बुरशीचा.

जंतू व बुरशी यांच्याशिवाय आणखी काही कारणांनीही विषबाधा होते. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याची कल्हई गेली असेल आणि त्यात ताक, चिंचेची आमटी असा आंबट पदार्थ ठेवला, तर तो कळकतो. धातूचे क्षार अन्नात उतरतात व ते खाणाऱ्याला मळमळ आणि उलट्या होतात. शेतात फवारायच्या औषधांचे रिकामे डबे धान्यासाठी किंवा पाण्यासाठी वापरणे हे तर प्राणावर बेतते. मुलांनी विशेष जपावे ते मोगली एरंडापासून. यालाच चंद्रज्योत असेही म्हणतात. कुंपणाला लावलेल्या या झाडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, म्हणून शाळेतून येता-जाता मुले त्या खातात आणि थोड्याच वेळात ओकाऱ्यांनी हैराण होतात. अनोळखी झाडाचे फळ किंवा बी तोंडात घालू नये, हे प्रत्येकाने पक्के ध्यानात ठेवावे.

आता विषबाधा ओळखावी कशी, ते पाहू. मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब, कधी ताप, डोकेदुखी किंवा चक्कर ही तिची प्रमुख लक्षणे होत. ही लक्षणे केव्हा सुरू झाली, यावरून कारणाचा काही अंदाज बांधता येतो. विष अन्नात आधीच तयार असेल, तर बहुधा एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. जंतूंना पोटात जाऊन वाढावे लागत असेल, तर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत, कधी कधी त्याहूनही उशिरा, त्रास जाणवतो. एकाच पंगतीला जेवलेली अनेक माणसे एकाच सुमारास आजारी पडली, तर अन्नातून बाधा झाली असावी, असा संशय ताबडतोब घ्यावा.

उलट्या आणि जुलाब यांच्या वाटे शरीर विष बाहेर टाकू पाहते. परंतु त्याचबरोबर शरीरातील पाणी आणि क्षारही वाहून जातात. विषबाधेत अनेकदा खरा धोका असतो तो याचाच. म्हणून पहिला उपचार म्हणजे गेलेले पाणी व क्षार भरून काढणे. औषधाच्या दुकानात आणि आरोग्य केंद्रात जलसंजीवनीच्या पुड्या मिळतात. पुड्यावर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ती विरघळवावी. पुडी नसेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे. हे पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, कारण अधिक मीठ अपायकारक असते. ते रुग्णाला घोटाघोटाने पाजत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध चालूच ठेवावे.

इतक्या साध्या पाण्याने काय होणार, असे कोणास वाटेल. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. पटकी हाही दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा आणि शरीरातील पाणी झपाट्याने काढून टाकणारा रोग आहे. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर व सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून ते रुग्णांना तोंडावाटे पाजण्याचे ठरवले. रुग्णांचे नातेवाईकच ते पाजत असत. त्यापूर्वी शंभर रुग्णांपैकी जवळजवळ तीस दगावत. पुढे हे प्रमाण चाराच्याही खाली आले. या थोर सेवेबद्दल २०२३ साली महालनबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा किताब जाहीर झाला.

तथापि घरगुती उपचाराची एक मर्यादा असते. घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल, शौचावाटे रक्त पडत असेल, ताप फार चढला असेल, डोळे खोल गेले असतील, बराच वेळ लघवी झाली नसेल, किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला रुग्णालयात न्यावे. एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे ही लक्षणेही अत्यंत गंभीर समजावीत. लहान बाळे, वृद्ध माणसे आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर वाट पाहूच नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका येते. आपल्या मनाने जुलाब थांबवणारे औषध देऊ नये. मुद्दाम ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. अंगारा-धुपाऱ्यात वेळ दवडू नये. जे अन्न खाल्ले असेल, त्यातील थोडे झाकून बाजूला ठेवावे. ते तपासले, तर विषाचे कारण कळू शकते. आणि त्याच अन्नातील वाटा ज्यांच्याकडे गेला असेल, त्यांना त्वरित कळवावे. लाजेने ही गोष्ट लपवणारा मनुष्य दुसऱ्यांना संकटात लोटतो.

परंतु उपचारापेक्षा प्रतिबंध केव्हाही श्रेष्ठ. स्वयंपाकापूर्वी, वाढण्यापूर्वी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत. हाताला जखम किंवा गळू असलेल्याने, तसेच जुलाब होत असलेल्याने पंगतीच्या स्वयंपाकात भाग घेऊ नये. पिण्याचे व रांधण्याचे पाणी शुद्ध असावे. कच्चे मांस, मासे व अंडी शिजलेल्या अन्नापासून दूर ठेवावीत. शिजलेले अन्न झाकून ठेवावे आणि ते दोन तासांच्या आत खाल्ले जाईल असे पाहावे. पंगत लांबणार असेल, तर अन्न चुलीवर वाफाळते ठेवावे. उरलेले ठेवायचेच असेल, तर मोठ्या पातेल्यातून पसरट भांड्यांत काढून लवकर निववावे आणि शीतकपाटात ठेवावे.

अन्न टाकू नये, हा आपल्याकडील फार जुना आणि चांगला संस्कार आहे. ज्याने दुष्काळ पाहिला, त्या माणसाला पानातले शितही टाकवत नाही. याच संस्कारामुळे पुष्कळदा सकाळची आमटी वास घेऊन, चाखून रात्री वाढली जाते. परंतु घातक विषाला वास असेलच असे नाही, रंग असेलच असे नाही, चव असेलच असे नाही. अन्नाचा मान राखायचा, तर तो बिघडलेले अन्न माणसाच्या पोटात ढकलून राखला जात नाही. जरुरीपुरतेच शिजवून आणि वेळेवर वाढूनच तो राखला जातो.

मुलांनो, यात तुमच्याकडूनही होण्यासारखे पुष्कळ आहे. घरी उपवासाची भगर आणाल, तेव्हा पुड्यावरील तारीख वाचून दाखवा. आजी रात्री पातेले उघडील, तेव्हा तिला नम्रपणे विचारा, “आजी, ही आमटी केव्हाची गं?” गावात सप्ताह असेल, जत्रा असेल, तर हात धुण्याच्या जागी पाणी आणि साबण ठेवण्याचे काम अंगावर घ्या. ही कामे लहान दिसतात. पण ज्या पंगतीत ती झाली, त्या पंगतीवरून उठलेला मनुष्य सुखरूप घरी जातो. देवाच्या दारी आलेल्या भुकेल्याला जेवू घालणे ही सेवा खरीच. परंतु ते अन्न निर्मळ असावे, याची काळजी वाहिली तरच ती सेवा पूर्ण होते.

शब्दार्थ

विषबाधा : विष शरीरात गेल्यामुळे होणारा त्रास.
बीजाणू : प्रतिकूल परिस्थितीत टिकून राहणारे जंतूंचे रूप.
कळकणे : कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ बिघडणे.
पटकी : कॉलरा.
जलसंजीवनी : शरीरातील पाणी व क्षार भरून काढणारे मीठ-साखरेचे मिश्रण.
दगावणे : मरण पावणे.

स्वाध्याय

१. सोलापूरची कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते, पण आमटी टिकत नाही. याचे कारण सांगा.
२. बिघडलेले अन्न पुन्हा उकळले तरी ते निर्धोक होतेच असे नाही. हे दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
३. एका जंतूचे दर वीस मिनिटांनी दोन होतात असे धरल्यास पाच तासांनी किती जंतू होतील? गणित करून पाहा.
४. विषबाधा झालेल्या रुग्णाला कोणत्या परिस्थितीत ताबडतोब रुग्णालयात न्यावे?
५. तुमच्या घरी वाळवून, खारवून किंवा आंबवून टिकवलेल्या पदार्थांची यादी करा आणि ते का टिकतात, हे घरातील वडील मंडळींना विचारून लिहा.